न उघडणारं दार

भावाचा मुलगा चौथीत आहे. कुठलीही वस्तू तो आधी हातांनी बघतो, मग डोळ्यांनी. मागच्या सुट्टीत तो आला तेव्हा टेबलावरची, मी जोडत असलेली छोटी मॉडेल गाडी त्याला 'लांबून बघायची' या अटीवर दाखवली. चष्मा पुसायला मी जरा वळले, तेवढ्यात त्याने उजवीकडची दोन्ही दारं उघडमीट करून पाहिली होती आणि आता त्याचं नख डावीकडच्या, ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या खाचेत होतं. "आत्या, हे उघडत नाहीये." म्हटलं, ते नाहीच उघडत. खऱ्या गाडीतही ते उघडायचं नाही. तिथे दार नव्हतंच, पत्र्यावर दाबून काढलेली नुसती दाराची आकृती होती. वही घरी विसरली असं सांगणाऱ्या मुलाकडे बाई जशा बघतात, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुला जमलं नाही." आणि विषय मिटवून दिव्यांकडे वळला.

मला ते लागलं. मुलाचं काही चुकलं नव्हतं, पण लागलं. त्या गाडीत ज्या मोजक्या जागा मी छातीठोकपणे अस्सल म्हणू शकेन, त्यांत ते दार पहिलं. बाकी जागोजागी मी बनवाबनवी केली आहे. कुठे जाडी लपवली, कुठे रंग फिका केला, कुठे नसलेलं वजन असल्यासारखं दाखवलं. त्या सगळ्यावर कुणी बोट ठेवत नाही, उलट "अगदी खरी वाटते हं" असं म्हणतात. आणि जिथे मी मुळाबरहुकूम वागले, तिथेच माझा हात आखडला असं ठरलं. नंतर कितीतरी दिवस सँडपेपर घासताना, चिमट्यात एखादा कणभर भाग धरून गोंद वाळायची वाट बघताना, ते वाक्य डोक्यात येत राहिलं. हे काम करताना हात गुंतलेले असतात आणि डोकं रिकामं. अशा वेळी असली वाक्यं फार पाय पसरतात.

गाडी म्हणजे फोर्डची मॉडेल टी, १९१४ सालची टूरिंग, म्हणजे दुमडत्या टपाची उघडी गाडी. अमेरिकेत बनलेल्या या उघड्या गाड्यांना १९१२ पासून १९२५ पर्यंत पुढे डावीकडे दार नव्हतं. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला हँडब्रेकचा उंच दांडा उभा असे, त्यामुळे त्या बाजूने चढणं-उतरणं तसंही अडचणीचंच. ड्रायव्हरने उजवीकडून चढायचं आणि सीटवरून सरकत सरकत स्टिअरिंगमागे यायचं. कॅनडातल्या कारखान्यात उजव्या हाताने चालवायच्या गाड्याही बनत, म्हणून तिथे दोन्ही बाजूंना खरी दारं देत. अमेरिकेत मात्र एक दार वाचलं. बिजागऱ्या वाचल्या, खटका वाचला, ते बसवणाऱ्याचा वेळ वाचला. आता पत्रा तिथे सपाट सोडला असता तर गाडी त्या अंगाने भुंडी दिसली असती, म्हणून साच्यातच दाराची रेघ उमटवून घेतली. मला या गोष्टीची भारी गंमत वाटते. काटकसर तर करायची, पण ती चारचौघांत दिसायलाही नको. चालत्याफिरत्या, पूर्ण आकाराच्या गाडीवर दाराचं एक मॉडेल चिकटवून ठेवलेलं.

अशी एक गाडी मी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात अगदी हाताच्या अंतरावरून पाहिली होती. मालक वयस्कर होते, दोरीच्या आत खुर्ची टाकून बसलेले. मी बराच वेळ घुटमळतेय हे बघून त्यांनीच दोरी वर केली. मी पहिल्यांदा कुठे हात लावला असेल तर त्या खोट्या दाराच्या रेघेला. बोट त्या खोबणीतून खाली नेलं, वळणावर वळवलं. खोबण उथळ होती, तळाशी रंग साचून गुळगुळीत झालेली. खऱ्या दाराच्या फटीत बोट घातलं तर कडा लागते, आत हवा लागते, हलकीशी खडखड असते. इथे तसलं काही नाही. उन्हाने पत्रा तापला होता. जुनं तेल, रबर आणि सीटचं तापलेलं कातडं यांचा एकत्र वास येत होता, आणि गाडीखाली एका पत्र्याच्या ट्रेमध्ये काळं तेल थेंबथेंब जमत होतं. मग त्यांनी गाडी सुरू करून दाखवली. स्टिअरिंगखाली डावीकडे ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी छोटी दांडी असते, ती आधी मागे घेतली. ती मागे घ्यायची राहिली तर समोरचं हँडल उलट फिरतं आणि मनगट मोडू शकतं. अंगठाही हँडलभोवती वळवायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. बटण फिरवून हँडल ओढलं तशी डॅशवरची लाकडी पेटी गुणगुणायला लागली. त्या पेटीत चार सिलिंडरांची चार कॉइलं असतात आणि प्रत्येक आपापल्या पाळीने झंकारते. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं आणि सगळी गाडी हलायला लागली. हलायला म्हणजे काय, मडगार्ड एका लयीत, दिवे दुसऱ्या, समोरची काच तिसऱ्याच. गाडी जागच्या जागी उभी होती आणि तिचा एकही भाग स्थिर नव्हता.

ते थरथरणं मॉडेलमध्ये आणता येत नाही. बाकी सगळ्यावर काही ना काही उपाय आहे.

उपाय म्हणजे अर्थात लबाडी. हिशेब करून पाहिला की तिच्यावाचून इलाज नाही हे कळतं. १:२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच. मॉडेल टीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १०० इंच, ते मॉडेलवर साधारण १०६ मिलिमीटर होतं. इथवर ठीक. पण खऱ्या गाडीचा पत्रा धरा एक मिलिमीटर. तो चोवीस पटींनी उतरवला तर ०.०४ मिलिमीटर, डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. किटमधलं, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांच्या तयार संचातलं, प्लॅस्टिक असतं एक मिलिमीटर जाड. त्या हिशेबाने माझ्या गाडीचा पत्रा जवळजवळ इंचभर जाडीचा आहे, चिलखती गाडीला शोभेल असा. दारं बंद असेपर्यंत हे कळत नाही. दार उघडलं की कडेची ती जाडी समोर येते आणि गाडीचं क्षणात खेळणं होतं. म्हणून उजवीकडची दारं कापून काढल्यावर त्यांच्या कडा मी आतून घासत नेल्या. मधला भाग जाडच ठेवायचा आणि कडेकडे उतार देत देत शेवटी कागदाइतकी धार काढायची. चौकटीच्या कडेलाही तेच. बघणाऱ्याची नजर कडेवर असते, ती पातळ दिसली की सगळा पत्राच पातळ आहे असं त्याचं मन ठरवून टाकतं. कापताना सुरीच्या पात्याची पाठ वापरावी लागते. धारेने प्लॅस्टिक दुभंगतं आणि कडेला वरंबा उठतो, पाठीने मात्र एकेक बारीक साल निघते. रेघेवरून इतक्या वेळा हात फिरवावा लागतो की शेवटी भाग सुटून येतो तेव्हा तो आपण कापला असं वाटतच नाही, आपणहून निघाल्यासारखा वाटतो. उलट्या बाजूने प्रकाशावर धरलं तर रेघ आधी पिवळसर दिसायला लागते, मग पांढरी, आणि मग एका टोकाला उजेड आरपार येतो. या कामातला तो क्षण मला फार आवडतो.

रंगाचाही हिशेब असाच. प्रायमर, रंग, वर क्लिअर कोट मिळून थर ०.१ मिलिमीटरचा झाला तरी मापाने तो अडीच मिलिमीटरचा लेप होतो. फूटबोर्डवरची नक्षी, रेडिएटरवरची अक्षरं, सगळं त्यात बुजतं. आणि धूळ. ओल्या रंगावर बसलेला एक कण म्हणजे बॉनेटवर पडलेला खडा. त्यामुळे एअरब्रश हातात घेण्याआधी खोलीत पाणी फवारायचं, पंखा बंद, खिडकी बंद, बाह्यांना लोकर नको, आणि मग श्वास रोखून पातळ, जवळपास न दिसणारे थर देत जायचं. पहिले थर दिल्यावर रंग दिलाय असंच वाटत नाही. घाई करणाऱ्याची तिथे फसगत होते.

काळ्याबद्दल तर मला बरंच बोलायचंय. मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण अर्धीच. १९०८ ला गाडी आली तेव्हा ती लाल, राखाडी, हिरवी अशी मिळे, पुढे निळीही. निव्वळ काळा १९१४ पासून १९२५ पर्यंत. म्हणजे माझी गाडी त्या काळ्या वर्षांतल्या पहिल्या वर्षाची. पण तो काळा म्हणजे नेमका कुठला? तो बाटलीतला काळा नव्हे. निखळ काळा रंग छोट्या वस्तूवर दिला की वस्तूचा आकारच गिळला जातो, घडी-उंचवटा काही दिसत नाही. खरी गाडी आपण चार-सहा पावलांवरून बघतो, मधल्या हवेने तिचा रंग थोडा उडतो, तिच्यावर आकाश पडतं, जमीन पडते. वीतभर गाडीला हे काही मिळत नाही. मग आपणच काळ्यात थोडा राखाडी, किंचित तपकिरी मिसळायचा. शिवाय त्या गाडीच्या सगळ्या भागांचा काळा एक नव्हताच. चॅसिसचा मंद, मडगार्डचा चमकदार, बॉडीचा या दोन्हींच्या मध्ये. मी तीन वाट्यांत तीन काळे केले होते. शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, तिन्ही सारखेच आहेत ना? वाटीत सारखेच दिसतात. गाडीवर दिले की चॅसिस आपोआप खाली जातं आणि मडगार्ड पुढे येतात.

आणि ही चकाकीची हौस! मॉडेल करणाऱ्यांत एक मोठा पंथ आहे. क्लिअर कोट चढवायचा, दोन हजारच्या पेपरने घासायचा, त्याहून बारीक पेपरने घासायचा, मग पॉलिश, मग मेण, शेवटी बॉनेटमध्ये आपले दात दिसले पाहिजेत. १९३० च्या दशकातल्या एखाद्या श्रीमंती गाडीला ते शोभेलही. पण मॉडेल टीची मडगार्ड रंगात बुडवून काढत आणि भट्टीत घालून वाळवत, बॉडीवर नळीने रंग ओतत. अशा रंगाला एक दाट, किंचित लाटा असलेली चमक असते, खालच्या कडेला कुठे ओघळही जमलेला असतो. त्या मेळाव्यातल्या गाडीच्या मागच्या मडगार्डच्या कडेला मी तो पाहिला होता. त्याच रांगेत आरशासारखी घासलेली दुसरी एक मॉडेल टी होती. सगळी गर्दी तिच्यापुढे, फोटोही तिचेच. कारखान्यातून ती इतकी सुंदर कधीच बाहेर पडली नसणार. दुसरा पंथ याच्या बरोबर उलट. त्यांना गाडी सडलेली हवी असते, दरवाजाला भोकं, बॉनेटवर गंज, टायरात गवत. त्यातही कसब लागतं, मान्य. पण दोन्हीकडे गाडीपेक्षा करणाऱ्याचा हात आधी दिसतो आणि तो मला खुपतो. मी माझ्या उजव्या मागच्या मडगार्डच्या कडेला एक ओघळ ठेवला आहे. टूथपिकच्या टोकाने मुद्दाम ओढून आणलेला, भिंगातून बघितलं तरच दिसेल एवढा.

पितळेचं प्रकरण वेगळंच. किटमध्ये रेडिएटर, दिव्यांच्या कडा, हॉर्न, सगळं लखलखीत क्रोमचं येतं. आता गाड्यांवर क्रोम चढायला लागलं ते १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी निकेल, त्याआधी पितळ. १९१४ च्या गाडीवर क्रोम म्हणजे ऐतिहासिक नाटकात राजाच्या मनगटावर घड्याळ. ते भाग ब्लीचमध्ये टाकले की चकाकी सुटून जाते आणि खाली केविलवाणं पिवळट प्लॅस्टिक राहतं. त्यावर आधी चकचकीत काळा, मग पितळी. रेडिएटरच्या चौकटीला मात्र मी रंग दिला नाही, पितळेचा अतिशय पातळ वर्ख चिकटवला. खऱ्या धातूवर प्रकाश जसा सरकतो तसा तो कुठल्याही रंगावर सरकत नाही. खिळ्याच्या टोकाएवढ्या गोलाईवर वर्ख बसवताना सुरकुती पडते, ती कापसाच्या बोळ्याने कडेकडे ढकलत न्यायची आणि खालच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही, तिथे नेऊन सोडायची. टायरही काळे नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या आधी बरेचसे टायर फिकट, मळकट पांढरे असत. रबरात काजळी घालायला लागले तसे ते काळे झाले आणि जास्त टिकायला लागले. काळ्या गाडीला ते फिके टायर, लाकडी आऱ्यांची चाकं आणि पितळी तोंड. हे सगळं एकत्र आल्यावर गाडी पहिल्यांदा आपल्या काळात जाऊन उभी राहिली. तोवर ती नुसती जुनी दिसत होती.

या सगळ्यापेक्षा मला छळलं ते वजनाने. लांबी चोवीस पटींनी कमी केली की वजन चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे १३,८२४ पटींनी उतरतं. खरी टूरिंग साधारण साडेपाचशे किलोच्या आसपास. मापाने काटेकोर उतरवली तर चाळीस ग्रॅमसुद्धा भरत नाही. एवढ्याशा वजनाला कोण दबणार? खऱ्या गाडीचे टायर जमिनीला टेकतात तिथे जरासे बसतात, स्प्रिंगा थोड्या वाकतात, दिव्यांच्या नळ्यांना झोळ पडतो. माझी गाडी टेबलावर चार टाचण्यांवर उभी असावी तशी उभी होती. मग टायरच्या तळाला कानस मारून इवलासा सपाट भाग काढला. पुढची आणि मागची आडवी स्प्रिंग गरम पाण्यात धरून किंचित खाली वाकवली. १९१४ च्या गाडीला पुढचे दिवे गॅसचे. डाव्या फूटबोर्डवर एक डबा असतो, त्यात कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडतात, ॲसिटिलीन तयार होतो आणि रबरी नळीने दिव्यांपर्यंत जातो. ती नळी मी सोल्डरच्या तारेची केली. रबरी किंवा प्लॅस्टिकची बारीक नळी ताठ राहते, आपल्या मर्जीने वळते. सोल्डर मऊ असतं, वाकवू तसं राहतं. तिला झोळ देताना कळलं की आपण नळी करत नाही आहोत, नळीचं वजन करतोय. थोडा कमी झोळ दिला तर तार वाटते, थोडा जास्त दिला तर दोरी.

मोठ्या मापात काम करणाऱ्यांचा मला इथे हेवा वाटतो. पोशेर नावाच्या इटालियन कंपनीची १:८ ची किटं असत. आल्फा रोमिओ, रोल्स-रॉईस, बुगाटी. लांबी अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त, चाकांचे आरे एकेक करून ओवायचे, स्क्रू खरे. तिथे धातूला धातू लागतो. उलट्या बाजूला १:४३ च्या इवल्या गाड्या. ते विचित्र प्रमाण खेळण्यातल्या रेल्वेवरून आलं, ओ गेज या मापाच्या रेल्वेगाडीशेजारी रस्त्यावर उभ्या करता याव्यात म्हणून. तिथे कुणी तपशिलाची फार अपेक्षा करत नाही, दोन ठिपक्यांचे दिवे झाले. १:२४ मध्ये मात्र तपशील दिसण्याइतकी जागा आहे आणि तो खरा करण्याइतकी नाही. सगळी लबाडी या मधल्या मापात.

माझ्या वेळाबद्दल घरचे विचारतात तेव्हा मी विषय बदलते. फोर्डच्या हायलँड पार्कच्या कारखान्यात १९१३ च्या शरद ऋतूत सरकती जुळणी सुरू झाली आणि बारा तासांहून जास्त लागणारं चॅसिस जोडायचं काम १९१४ मध्ये ९३ मिनिटांवर आलं. माझी गाडी नेमकी त्या वर्षाची. एक माणूस बोल्ट घालणार, दुसरा नट चढवणार, तिसरा आवळणार. गाडी पुढे जाणार, माणूस जागेवर. त्यांच्यातल्या कुणाला सबंध गाडी जोडता येत होती की नाही, त्याने काही अडत नव्हतं. आणि इथे मी त्याच गाडीच्या पेडलांसाठी एक सबंध रविवार घालवते. तीन पेडल, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं, ॲक्सिलरेटर नाहीच, तो हाताशी दांडीवर. तिन्ही पेडलांवर पायाने घासून पितळेसारखा उजळलेला धातू दिसला पाहिजे, आणि डावं जास्त घासलेलं, कारण गाडी उचलताना आणि चढावर तेच दाबून धरायचं. हे करताना मला त्या रांगेतल्या माणसांची आठवण हटकून येते. त्यांनी वाचवलेला वेळ मी उधळतेय असं वाटतं, आणि त्याचं वाईट मात्र वाटत नाही.

आता त्या दाराकडे. भाचा घरी गेल्यावर एका रात्री मी दिवा आडवा लावून गाडीची डावी बाजू पुन्हा नीट पाहिली. उजवीकडच्या दारांच्या फटींत मी पातळ केलेला काळपट तेलरंग सोडला होता. फटीत तो आपोआप धावतो, खोली दिसते. डावीकडच्या खोबणीत तो मुद्दाम घातला नव्हता. तिथे फट नाही, सांधा नाही, तेव्हा अंधार कुठून येणार? बॉडीच्याच काळ्याची अर्धी छटा गडद, बस्स. तिथे दार नाही हे दाखवण्यासाठी मी माझ्या परीने इतकं केलं होतं. तरी त्याचं नख तिथे गेलंच. मग एकदम लक्षात आलं की त्याला फसवलं ते मी नाही. ती रेघ ज्यासाठी काढली होती तेच काम तिने केलं. रस्त्याच्या कडेच्या माणसाला दोन्ही बाजूंना दारं दिसावीत म्हणून डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात कुणीतरी साच्यात ती वळणं कोरली होती, आणि शंभराहून जास्त वर्षांनी, चोवीस पटींनी लहान होऊनही, तिने एका चौथीतल्या मुलाला खुशाल गंडवलं. मला हे कळल्यावर इतकं बरं वाटलं की रात्रीच भावाला फोन करणार होते. केला नाही. उजाडल्यावर सांगायला गेले असते तर पुन्हा ती नजर आली असती.

सध्या प्रश्न टपाचा आहे. कापड कधीच लहान होत नाही. कितीही तलम घ्या, विणीचा धागा चोवीस पट जाड दिसतो आणि घडी पडत नाही, बाक पडतो. टप मागे दुमडून ठेवलेला दाखवायचा म्हणजे त्या घड्या आल्या, पट्टे आले, मध्ये अडकलेल्या कमानी आल्या. मी टिश्यू पेपर पांढऱ्या गोंदात भिजवून, काडीने घड्या पाडून बघितलं. त्यापेक्षा ताणून उभा केलेला टप कितीतरी चांगला होतो, कमानीवर पेपर बसतो, कडेला हलकी ओढ दिसते, वाळल्यावर मंद काळा रंग दिला की मेणकापडच. अडचण एवढीच की टप वर केला की आतलं काही दिसत नाही. बटणं टाचलेल्या सीटचे खळगे, ते घासलेले पेडल, कॉइलच्या लाकडी पेटीवरच्या रेषा, दारांच्या आतल्या कडा, सगळं सावलीत जाणार. भाऊ म्हणतो, मग एवढं केलंस कशाला? दुमडलेलाच ठेव, लोकांना दिसू दे. त्याचं बरोबर आहे. पण दुमडलेला टप चांगला होत नाही म्हणजे होत नाही, आणि गाडीच्या मागे तो ओबडधोबड गठ्ठा रोज बघायचा मला आहे. कमानी तासून तयार आहेत. या आठवड्यात टप वर चढतोय.